मुंबई ते मोंबासा बाईक शिपिंग: तीन स्टार, त्यातला एक सुताराचा

पहिले निकाल सांगून टाकतो, बाकीचं ज्याला वेळ आहे त्याने वाचा. नवी मुंबईतल्या एका फ्रेट फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजाने-विमानाने माल पाठवून देणाऱ्या एजंट कंपनीकडून, माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ न्हावा शेव्याहून केनियातल्या मोंबासाला जहाजाने पाठवली, कार्नेटवर, म्हणजे तिथे ड्यूटी न भरता टेम्पररी न्यायची, फिरायचं आणि परत आणायची. मुंबई बाजूच्या कामाला चार स्टार, मोंबासा बाजूच्या कामाला दीड, एकूण तीन देतोय आणि त्यातला एक निव्वळ त्यांच्या सुतारासाठी. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण जे माझ्याबरोबर झालं ते या धंद्यात थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांकडे चालतं, नाव वाचून तुम्ही दुसऱ्याकडे जाल आणि तिथे पण हेच होईल. त्यापेक्षा नेमकं काय विचारायचं ते कळलेलं बरं.

आधी विमान की जहाज. विमानाने नैरोबीला पाठवली तर गाडी लवकर मिळते आणि मध्ये हात कमी लागतात, हे खरंय, पण विमानवाले नुसत्या वजनावर पैसे घेत नाहीत, वजन आणि खोक्याचा आकार यातलं जे जास्त भरेल त्यावर घेतात, आणि बाईकच्या खोक्याचा आकारच जास्त भरतो. लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये, गुणाकार करायचा आणि ६००० ने भागायचं, जो आकडा येईल ते तुमचं वजन. आता हिमालयन भरलेल्या टाकीसकट १९९ किलो. तिच्यासाठी २२० बाय ८० बाय १२० चा खोका केला तर हिशोब येतो ३५२ किलो! म्हणजे दीडशे किलो हवेचं भाडं भरायचं. पुढचं चाक काढलं, हँडल उतरवून टाकीवर आडवं बांधलं, विंडस्क्रीन, आरसे, पॅनियरचे (बाजूच्या पेट्यांचे) स्टँड सगळं सोडवलं की खोका १९० बाय ७० बाय १०५ मध्ये बसतो आणि तोच आकडा २३३ वर येतो. जहाजाला पण हेच लागू, तिथे क्युबिक मीटर मोजतात, मोठा खोका २.१ आणि छोटा १.४. त्यामुळे कोणीही एजंट 'बाईकचे इतके' असा गोल आकडा सांगत असेल तर त्याला पहिला प्रश्न हाच, की खोका केवढा धरलाय. माझ्या एजंटने मोठा धरला होता. छोटा करायला सांगितलं तर म्हणे सर चाक काढायचं काम आम्ही करत नाही, म्हटलं मी करतो, तुम्ही नुसतं लाकूड लावा. झालं.

मी जहाज निवडलं कारण मला घाई नव्हती आणि पैसे वाचवायचे होते. मुंबई-मोंबासा सरळ अरबी समुद्र ओलांडून, साधारण चोवीसशे नॉटिकल मैल, पण एकट्या बाईकचं एलसीएल असतं, म्हणजे बाकीच्यांच्या मालाबरोबर एका डब्यात, त्यामुळे डबा भरेपर्यंत थांबा, आणि कधी कधी तो दुबईचं जेबेल अली बंदर किंवा कोलंबो करून जातो. चार-पाच जणांचा ग्रुप असेल तर अख्खा वीस फुटी कंटेनर घ्या, डोक्याला ताप कमी. एक गंमत सांगतो, पहिल्या कोटेशनमध्ये 'रेड सी सरचार्ज' अशी एक ओळ होती. मी फोन करून विचारलं, अहो मोंबासाला जाणारं जहाज तांबड्या समुद्रात कशाला जाईल, नकाशा तरी बघा. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग 'सर टेम्प्लेटमध्ये राहून गेलं असेल'. दहा मिनिटात सुधारित कोटेशन आलं. राहून गेलं असेलही, पण मी विचारलं नसतं तर ते बिलात पण राहूनच गेलं असतं ना.

कार्नेटचं थोडक्यात. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट असं सगळे सांगतात पण खरं तर ती हमी आहे, की ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेणार, आणि नाही नेली तर ड्यूटी आमच्याकडून वसूल करा. आपल्याकडे हे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते, चर्चगेटला ऑफिस. मेंबर व्हायचं, गाडीची किंमत आणि कुठले देश त्यावर डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी ठरते, इजिप्तसारखा देश घातला की आकडा चांगलाच फुगतो म्हणून जायचंच नाही ते देश उगाच लिहू नका. एक वर्षाची मुदत. पान तीन तुकड्यांचं असतं, देशात शिरताना कस्टमवाला खालचा तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना मधला, आणि वरचा शिक्क्यांसकट तुमच्याकडे राहतो. तो वरचा तुकडा म्हणजे तुमचं डिपॉझिट. हे एजंटला पण माहीत असावं अशी माझी भाबडी अपेक्षा होती, त्यावर पुढे येतो.

आता सुतार. कंपनीचं गोडाऊन द्रोणागिरीच्या बाजूला, करळ फाट्यावरून आत. मी सकाळी गाडी चालवतच नेली, येताना पेट्रोल मुद्दाम संपवत आणलं होतं, उरलेलं तिथे पाईप काढून बाटलीत घेतलं आणि मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, कारण जहाजावर टाकी रिकामी आणि बॅटरीचे टर्मिनल सुटे करून टेप मारलेले असले की गाडी धोकादायक मालात मोजत नाहीत, नाहीतर क्लास ९ चे वेगळे कागद आणि वेगळे पैसे. सुतारकाका उत्तर प्रदेशातले, उरणला राहून वीस-पंचवीस वर्षं झालेली, मराठी आपल्यापेक्षा आगरी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कुठे टेप लावली नाही काही नाही, आणि विचारलं चेसिस नंबर कुठल्या साईडला हाय? मी म्हटलं हेडच्या, म्हणजे हँडल फ्रेमला जोडतं तिथे, उजव्या बाजूला, पंच केलेला. मग त्या बाजूची फळी त्यांनी खिळ्याने न ठोकता स्क्रूने लावली, चारच स्क्रू, आणि वर मार्करने एक बाण काढला. म्हणे साहेब नंबर बघायला येतो, कटावणीने खोका फोडला का परत तसा बसत नाय, फळी चिरते. पुढचे फोर्क लाकडी ठोकळ्यात बसवले, सस्पेन्शन अर्धंच दाबून रॅचेट पट्टे ताणले, पूर्ण दाबलं तर सील जातात हे त्यांनीच मला सांगितलं. पट्ट्याखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पेंट घासू नये म्हणून. पुढचं चाक, आरसे, असे नुसते गाडीचे पार्ट (हेल्मेट, कपडे काही नाही) सगळं आत बांधलं आणि पॅकिंग लिस्टमध्ये लिहिलं. (कॅम्पिंगचं सामान, चुलीचा गॅस, असलं काही आत सरकवू नका, लिस्टमध्ये नसलेली एक वस्तू सापडली की अख्खा खोका रिकामा करायला लावतात.) लाकूड हीट ट्रीटेड, त्यावर तो गव्हाच्या लोंबीचा आयएसपीएमचा, म्हणजे पॅकिंगच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का, हा शिक्का खोक्याच्या दोन बाजूंना दिसला पाहिजे. शिक्का नसलेलं लाकूड स्वस्त पडतं आणि तिकडे पोर्टवर फ्युमिगेशनच्या नावाने तिप्पट जातं.

सीएफएसमधली (बंदराबाहेर कंटेनर भरायचं-उघडायचं गोडाऊन) कस्टम एक्झाम मला वाटलं होतं दिवसभर जाईल. सीएचएचा, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटचा पोरगा शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा कागद), आरसी, पासपोर्ट, कार्नेट, गाडीची किंमत दाखवणारं इन्व्हॉईस, सगळं फायलीत नंबर लावून घेऊन आला होता. गाडीवर लोन असतं तर बँकेची एनओसी पण लागली असती. ऑफिसर आले, बाण बघितला, फळी उघडली, टॉर्च मारून चेसिस नंबर कागदाशी ताडला, इंजिन नंबर बघितला, सही. फळी परत लावायला काकांचाच माणूस हजर. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची कस्टमची परवानगी, त्याच संध्याकाळी निघाली. माथाडींनी खोका फोर्कलिफ्टवर घेताना खाली फळी पाचर म्हणून मारली, आडवा होऊ दिला नाही. इथपर्यंत मी ऑफिसात बसून सगळ्यांना कंपनीचं कौतुक सांगत होतो.

हां तर कोटेशन. त्यावर लिहिलं होतं 'ऑल इन्क्लुझिव्ह टु मोंबासा'. हे 'टु मोंबासा' म्हणजे मोंबासाच्या धक्क्यापर्यंत, त्याच्या एक इंच पुढे नाही. डबा जहाजातून उतरला की पुढचं टर्मिनल हँडलिंग, डबा सीएफएसला नेणं, तो उघडून तुमचा खोका बाहेर काढणं, डिलिव्हरी ऑर्डरची (माल सोडायच्या चिठ्ठीची) फी, डॉक्युमेंट फी, स्टोरेज, तिथल्या क्लीअरिंग एजंटची फी, हे सगळं वेगळं आणि ते शिलिंगमध्ये किंवा डॉलरमध्ये तिथे भरायचं. समुद्राचं भाडं माझ्या एकूण खर्चाच्या पाव पण नव्हतं, खरंच सांगतो, चोवीसशे मैल पाण्यावरून स्वस्त आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर महाग. एलसीएलमध्ये तर काही कंपन्या भाडं मुद्दाम अगदी कमी लावतात आणि तिकडचा त्यांचा एजंट डेस्टिनेशन चार्जमध्ये सगळं भरून काढतो, हे मला नंतर मोंबासातल्या क्लीअरिंगवाल्याने समजावलं. आपल्या इथल्या सेल्सवाल्या पोरीला मी बुकिंगच्या आधी तीनदा विचारलेलं, तिकडे अजून काही लागेल का, उत्तर काय, 'नॉमिनल लोकल चार्जेस सर'. नॉमिनल म्हणे.

दुसरा घोळ नावाचा. माझ्या आरसीवर आडनाव आधी मग नाव मग वडलांचं नाव, पासपोर्टवर आडनाव वर वेगळं आणि नाव आणि वडलांचं नाव खाली एकत्र. कार्नेट पासपोर्टप्रमाणे बनवलेलं. मी कंपनीला मेलवर लिहून दिलेलं, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल घेतल्याची पावती, तिच्यावरच तिकडे माल सुटतो) पासपोर्टप्रमाणेच करा, ड्राफ्ट मला दाखवा. ड्राफ्ट बरोबर आला, मी ओके दिलं, आणि फायनल काढताना त्यांच्या माणसाने केवायसीच्या फायलीतल्या आरसीवरून नाव टाईप केलं. आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, तीन शब्द तेच, फक्त पुढेमागे. मोंबासातल्या काउंटरवरच्या बाईंना तसं वाटलं नाही आणि त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांच्यासमोर दोन कागदांवर दोन माणसं. दुरुस्तीसाठी मुंबईतून अमेंडमेंट, त्याची फी, मध्ये शनिवार-रविवार, आणि खोका तिकडे स्टोरेजमध्ये पैसे खात पडलेला. अमेंडमेंटची फी कंपनीने भांडल्यावर भरली. स्टोरेज मीच भरलं. वर मुंबईच्या मॅनेजरचं म्हणणं, 'सर डेस्टिनेशन साईड आमच्या स्कोपमध्ये येत नाही.' अहो पण कागद तर तुमच्या साईडला चुकला! दीड स्टार इथून आलेत.

ट्रॅकिंगबद्दल पण एक. तुम्हाला जो देतात तो हाऊस बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे फॉरवर्डरच्या स्वतःच्या पावतीचा नंबर, तो शिपिंग लाईनच्या साईटवर टाकून काही दिसत नाही. कंटेनर नंबर मागून घ्या, चार अक्षरं सात आकडे, तो टाकला की डबा कुठे उतरवलाय ते कळतं. मला तो मागून मागून मिळाला, तोपर्यंत व्हॉट्सअॅपवर फक्त 'व्हेसल सेल्ड सर' आणि नमस्काराचा इमोजी.

ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका, टेलेक्स रिलीज किंवा सरेंडर करायला सांगा, म्हणजे तिकडे कागद हातात नसतानाही डिलिव्हरी ऑर्डर निघते. हे मात्र कंपनीने न सांगता केलं होतं, श्रेय देतो.

आता मोंबासा. शहर बेटावर आहे, पोर्ट किलिंडिनीला, आणि ऊन आपल्या अलिबागसारखंच चिकट. कंपनीच्या तिकडच्या पार्टनरने दोन दिवस फोन उचलला नाही म्हणून मी हॉटेलवाल्याच्या ओळखीने दुसरा क्लीअरिंग एजंट धरला, कच्छी कुटुंबातला माणूस, आजोबांच्या काळापासून तिथेच, बोलणं अर्धं गुजराती अर्धं हिंदी आणि फोनवर अस्खलित स्वाहिली. त्याने पहिल्याच भेटीत एका कागदावर सगळे चार्ज लिहून दिले, कुठला पोर्टचा, कुठला सीएफएसचा, कुठला त्याचा, आणि शेवटी बिल त्याच आकड्याच्या आसपास झालं. ज्याच्या त्याच्या पावत्या वेगवेगळ्या दिल्या. पैसे बहुतेक ठिकाणी एम-पेसाने, २००७ पासून तिकडे फोनवरून पैसे पाठवतात, आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी. या माणसाला पाचपैकी पाच.

कार्नेटचं पण त्यानेच नीट करून घेतलं. कस्टम ऑफिसर तरुण होता, त्याने खालचा तुकडा फाडला, ठेवला, आणि वरच्या तुकड्यावर शिक्का न मारताच पुस्तक परत दिलं. एजंटने काही न बोलता पुस्तक परत त्याच्यापुढे सरकवलं आणि वरच्या रकान्यावर बोट ठेवलं. शिक्का, तारीख, सही, पोर्टचं नाव. तुम्ही एकटे असाल तर पुस्तक हातात आल्यावर खिडकीसमोरून हलायच्या आधी हे चार बघाच, कारण वरच्या रकान्यात आत आल्याची नोंदच नसेल तर बाहेर पडताना ऑफिसर विचारणारच गाडी आत कशी आली. कागद होईपर्यंत मधल्या रिकाम्या वेळात फोर्ट जीझस बघून आलो, पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला, वसईचा किल्ला ज्यांनी फिरून बघितलाय त्यांना तिथल्या तटावर उभं राहून फार परकं वाटत नाही.

खोका मिळाला तो जसाच्या तसा. एक फळी दबलेली, आत गाडीला ओरखडा नाही. सीएफएसच्या दारात रस्त्याच्या कडेला मी चाक बसवायला घेतलं तर पाच मिनिटात पंधरा माणसं गोळा, त्यातले निम्मे बोडा-बोडावाले, म्हणजे बाईक टॅक्सीवाले, आणि त्यांच्या गाड्या कुठल्या, तर बजाज बॉक्सर! सगळीकडे बॉक्सर, जिकडे बघाल तिकडे बॉक्सर, त्यावर तीन माणसं, कोंबड्यांचे पिंजरे, एकावर तर सोफा. मी सांगितलं ही बॉक्सर बनवणारी कंपनी माझ्या गावची, पुण्याची, त्यावर एकाने अगदी गंभीरपणे मला क्लच प्लेटची तक्रार सांगितली, जणू मी आकुर्डीला घेऊन जाणार आहे. त्यानेच मला मागे बसवून पंपावर नेलं, डब्यात पेट्रोल आणलं, आणि अॅक्सल बसवताना चाक उचलून धरलं. पैसे घेतले नाहीत, खोक्याच्या फळ्या मागितल्या. चांगलं लाकूड होतं, काकांनी निवडलेलं, घेऊन गेला बॉक्सरवर बांधून.

थर्ड पार्टी इन्शुरन्ससाठी कोमेसाचं (आफ्रिकेतल्या देशांचा व्यापारी गट) यलो कार्ड तिथेच मिळालं, शेजारच्या काही देशांत पण चालतं. आपला पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मात्र इथूनच घेऊन जा, लस निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते, आणि परत येताना आपलेच लोक विमानतळावर तो मागतात. आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आरटीओतून, गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे तो त्रास नाही.

इन्शुरन्सवरून आठवलं, कंपनीने प्रवासाचा जो मरीन इन्शुरन्स दिला होता तो क्लॉज 'सी' वाला, म्हणजे जहाज बुडालं, आग लागली, धडकलं तर पैसे, पण खोका पाडला, आरसा गेला, चोरी झाली तर काही नाही. 'ए' क्लॉज मागा, थोडा महाग आहे. आणि इन्शुरन्स अजिबात न घेण्याचा विचार करत असाल तर जनरल अॅव्हरेज हा प्रकार वाचून घ्या, जहाज वाचवायला खर्च झाला किंवा कोणाचा माल समुद्रात टाकावा लागला तर तो खर्च सगळ्या मालवाल्यांत वाटतात, तुमची बाईक अगदी धडधाकट असली तरी वाटा भरल्याशिवाय सोडत नाहीत.

परत येताना याच कंपनीकडे जाणार का? मुंबईत गाडी सोडवायला हो, न्हावा शेव्याचं कस्टम त्यांना नीट जमतं. पण तिकडून बुकिंग मी त्या कच्छी माणसाकडूनच करतोय आणि मुंबईतले डेस्टिनेशन चार्ज एकेक ओळ लिहून मागितलेत, या वेळी 'नॉमिनल' लिहिलेला मेल मी तसाच परत पाठवला, दुसऱ्या दिवशी आकडे आले. निघतानाच्या शिपिंग बिलाची प्रत जपून ठेवलीय, कारण ही तीच गाडी आहे हे दाखवायला तोच कागद आणि तोच चेसिस नंबर लागणार, नाहीतर स्वतःच्याच एमएच १२ च्या गाडीवर इम्पोर्ट ड्यूटीचा वाद घालत बसा. मोंबासातून निघताना कार्नेटचा मधला तुकडा फाडून वर शिक्का, मग ते पुस्तक चर्चगेटला जमा, आणि ते तपासून झाल्यावर डिपॉझिट सुटणार. सुतारकाकांना फोन केला होता, म्हणाले तिकडचे लोक खोका कसा करतात त्याचा फोटो पाठवा.